मागच्या बाभळीची चिंधी

मुनीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरग्यात दवाखान्याच्या बाकावर बायकोचा नंबर लागायची वाट बघत होतो. त्याचा धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "दत्ताभाऊ, भाईजान गेले. जोहरच्या नमाजानंतर माती हाय." मी "येतो" म्हणालो आणि गेलो नाही. बायकोच्या दुखण्याचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे त्याला खांदा द्यायचा मला धीर नव्हता... का नव्हता, ते तोवर कुणाला बोललो नव्हतो.

मुनीर शिंप्याच्या घरातला, मी शेतकऱ्याच्या. तुळजापूरच्या घाटाखालच्या एकाच गावात वाढलो. तो पुण्याला तंबू शिवायच्या कारखान्यात लागला, तिथं डोंगरावरून उडणाऱ्या पोरांच्या नादी लागला आणि ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्यांचं एक जुनं पॅराग्लायडर ठिगळं लावून गावी घेऊन आला. पिशवीत मावणारा तो भलामोठा कापडी पंख बघायला गाव लोटलं. मुनीरचं लग्न नुकतंच झालेलं. त्याची आई म्हणायची, "सून आणली ते समजलं, हे एवढं लुगडं कुणाला नेसवायचंय रं?"

दुष्काळाचं वर्ष होतं. मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव. दूध आटलं होतं, जनावरं छपरावरचं पाचट ओढून खात होती. दूध संघाचा चारा डेपो कुठल्या गावाला द्यायचा ते अध्यक्षांच्या हातात, आणि अध्यक्ष आमच्याकडं सभेला येणार होते. मीच त्यांना सांगून आलो की आमचा माणूस कड्यावरून उडत येईल आणि तुमच्या गळ्यात हार घालील. ते खूश झाले. मुनीरला मी नंतर विचारलं...

सभेच्या दिवशी आम्ही दोघंच कड्यावर होतो. त्यानं मागच्या बाभळीला एक चिंधी बांधली. वारा दरीकडून, समोरून येतोय तोवर चिंधी मागं उडते, ती पडली किंवा उलटी फिरली की उडायचं नाही, हे त्यानंच मला समजावून सांगितलं. बराच वेळ तो चिंधीकडं बघत बसला. मग म्हणाला, "आज न्हाय रं दत्त्या. फुटका वारा हाय, घडीत इकडनं घडीत तिकडनं. संध्याकाळी बघू."

अध्यक्ष संध्याकाळपर्यंत थांबणार नव्हते. खाली मांडव दिसत होता, जीप दिसत होती. मी मूठभर माती घेतली आणि खळ्यावर वारा बघतात तशी डोक्यावरून सोडली. ती छान तिरपी वाहत गेली. दोन वर्षं खळ्यावर दाणा नव्हता, तरी हाताला सवय होती.

"बघ की. उपणायला यापरीस चांगला वारा मिळतो व्हय?"

"मी काय भुसा हाय?" तो हसला.

"भ्यालो म्हण की सरळ. घरी नवरीला काय सांगशील?"

तो हसायचा थांबला. मुकाट्यानं उठला, पट्टे आवळले. पंख मागं पसरलेला, तोंड दरीकडं, दोन्ही हात दोऱ्यांत. बाभळ त्याच्या पाठीमागं. मान न वळवता त्यानं विचारलं, "चिंधी काय म्हणती?"

चिंधी लोंबत होती. मी बघत असतानाच ती उचलली आणि दरीकडं फडफडली. मला स्वच्छ दिसलं.

"सरळ हाय," मी म्हणालो.

तो पळाला. पंख कसाबसा डोक्यावर आला, पाय सुटले, आणि कड्यापुढं जाताच एका बाजूनं कापड मिटलं... अध्यक्षांच्याच जीपमधून त्याला सोलापूरला नेलं. जीव वाचला, कमरेखालचं सगळं गेलं. डेपो आमच्या गावाला मिळाला. चाऱ्याची पहिली गाडी आली तेव्हा लोक मुनीरसाठी हळहळत होते आणि मी खाली उभा राहून पेंढ्या झेलत होतो. पोराला उडायची लई खाज होती, असं सगळे म्हणायचे. मी कधी "न्हाय" म्हटलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एकदा, बसल्या जागी गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला काज करता करता, त्यानं विचारलं, "दत्त्या, चिंधी खरंच सरळ होती?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग माझाच अंदाज चुकला म्हणायचा." त्यानं दोरा तोडला. पुन्हा विषय काढला नाही.

मुनीरच्या चाळिसाव्या दिवसाला मात्र गेलो. पाहुणे उठल्यावर त्याच्या शिलाईच्या खोलीत त्याच्या बायकोला, रेहानाभाभींना, सगळं सांगितलं.

"मी त्यांना जन्मभर बोलले," त्या म्हणाल्या. "टाळ्यांपायी पाय घालवले म्हणून. पोरंबाळं झाली न्हाईत, त्याचंबी त्यांनाच बोलले. ते ऐकून घ्यायचे. आणि तुम्ही इथंच बसून चहा पीत होता की हो, दत्ताभाऊ..."

मी दुसरीकडं बघायला लागलो. पाय चालत नव्हते म्हणून हातानं फिरवायचं करून घेतलेलं मशीन, आणि त्याच्यासमोर भिंतीला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढं, तिरका टांगलेला छोटा आरसा. गिऱ्हाइकाला त्यात काहीच दिसलं नसतं. इतकी वर्षं मी तो बघत आलो होतो.

भाभीही तिकडंच बघत होत्या. "दवाखान्यातनं आल्या आल्या लावून घेतला. कशाला म्हटलं, तर म्हणाले, मागचं आपलं आपल्याला दिसलं पाहिजे. दुसऱ्याला इचारायला नको."

म्हणजे काज करता करता त्यानं मला विचारलं तेव्हा त्याला आधीच ठाऊक होतं... मी काय म्हणतो, तेवढंच त्याला ऐकायचं होतं.

"या आता," भाभी म्हणाल्या.