चप्पल काढ, बैताडा!

भुताले भेनारा मानूस मी नाई. अंधारात फक्त बायकोले पुढं चालू देतो... ते सापासाठी. शाळा दुसरीपर्यंत, त्यातही दुसरीत दोनदा बसलो. म्हनून मी बोलून राहिलो अन् भाची मोबाईलवर टाईप करून राहिली.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, अंजनगावकडं. मले आत्याबाईनं वाढवलं. तिचा पानमळा होता — खायच्या पानाचा. मळ्यात चप्पल चालत नाई. पाव्हना आला का आत्याबाई म्हने, "चप्पल काढा जी." अन् मले, "चप्पल काढ, बैताडा!" बैताड म्हंजे मूर्ख. पाळन्यातलंच नाव असन माह्यं.

ती ओळीतून अनवानी चाले अन् पायानंच सांगे — हिले आज पानी, तिले परवा. कधी चुकली नाई. मीही एकदा तसाच पाय दाबून, लय विचार करून पानी सोडलं. वेल सडले. आत्याबाई म्हने, "पाय तं ठेवला लेका, अक्कल कुठं ठेवली?"

मंग ते वाईट वर्षं आले. विहिरी आटल्या. गावातले पानमळे एकेक करून मोडले, आत्याबाईचाच राहिला. डोक्यावर घागरी वाहून जगवला तिनं. पौषात गेली. जाताना म्हने, "मोडशीन तं पहिले पायानं पाह्यजो." मले वाटलं, तापात बरळून राहिली.

चैत्रात वेल पिवळे पडले. विहिरीत बादली बुडे ना. भर दुपारी विळा घेतला अन् निंघालो मळा मोडाले. आता कोन बोलते? चप्पल घालूनच आत शिरलो. पहिल्या वेलाले विळा लावला, तं मांगून —

"चप्पल काढ, बैताडा!"

तोच आवाज! विळा एकीकडं, मी एकीकडं. चप्पल कवा काढली आठवत नाई, पन पळताना हातात होती. मळ्याच्या दारात पाह्यतो तं रशीदभाई उभे. अकोल्याच्या जुन्या शहरातले, आमचे पानं घेनारे. आजारी होते, चार-पाच महिन्यानं आले. त्याइच्याही हातात चपला!

"आपा कहाँ है?" म्हने. "इतने साल 'काढा जी' बोलती थी. आज मेरेकू बैताड बोली?"

"रशीदभाई... आत्याबाई पौषातच गेली."

ते मटकन खालीच बसले. मंग डोळे पुसून म्हने, "फिर वो तुमकू बोली होगी."

दोघंही अनवानी आत गेलो. खालच्या कोपऱ्यातल्या दोन ओळीत पाय ठेवला, तं गार! वरून माती भुरकी, पन पायाखाली ओल. चपलीत समजलंच नसतं. बाकी मळा गेला, त्या दोन ओळी जगल्या. आजही त्याइचेच पानं खातो.

ओलीचं समजते — तिकडं उतार आहे, झिरा असन. आत्याबाईच्या पायाले तो ठावं होता. पन आवाज? मले भास झाला म्हना... रशीदभाईले कसा झाला? त्याइले तं ती गेली हेच मालूम नोतं.

घरी येऊन बायकोले छाती फुगवून म्हनलं, "पाह्य, मेल्यावरही आत्याबाईनं मलेच हाक मारली. लाडका होतो ना!"

बायको म्हने, "लाडके कायचे? चप्पल घालून आत शिरनारे तुमी एकलेच होते."