भिंतीला मानाचा पाना

आमच्या मागच्या भिंतीला सहाव्या वर्षीच पोट सुटलं. मला सुटायला चाळीस वर्षं लागली होती.

नव्वदीच्या दशकात कोल्हापुरात टेकडीच्या उतारावर प्लॉट स्वस्त मिळाला, म्हणून मी तिथं घर बांधलं. (स्वस्त का, हे विचारायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.) मागचा उतार कापून दगडी भिंत घातली. भिंतीच्या वर शेजारच्या आण्णांचा म्हशींचा गोठा, खाली आमचं स्वयंपाकघर. म्हणजे भिंत पडली तर मातीसकट सगळ्या म्हशी थेट आमच्या ओट्यावर! आणि पावसाळा तोंडावर आलेला.

"अहो, भिंत अजून पुढं आलीय," बायको म्हणाली. "गेल्या वर्षी भिंत नि खिडकीच्या मधनं सरळ जाता यायचं. आता तिरकं व्हावं लागतं."

(यावर सुचलेलं उत्तर मी गिळलं. त्या भिंतीखाली आम्हा दोघांना एकत्र राहायचं होतं.)

मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. बांधकामाशी संबंध पडक्या किल्ल्यांपुरता. तरी इरेला पेटून पुस्तकं आणली आणि उपाय शोधलाच. भिंतीला भोकं पाडून आरपार लोखंडी सळ्या घालायच्या. सळीचं पलीकडचं टोक वरच्या जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यात, अलीकडच्या टोकाला लोखंडी पाटी आणि नट. नट आवळला की पाटी भिंतीला धरून ठेवते आणि हळूहळू मागे रेटते. पण एका वेळी फक्त पाव फेरा, मग महिनाभर विश्रांती. घाई केली तर भिंत जागच्या जागी राहते आणि ठोकळाच ओढला जातो. हे वाक्य मी पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं.

ठोकळे पुरायचे होते आण्णांच्या गोठ्यात.

"खणा की सर," आण्णा म्हणाले. "पर पयला पाना मी मारणार. माझ्या जागंत काम हाय म्हटल्यावर मला मान नगं व्हय?"

मान नाकारून कोल्हापुरात कुणाचं भलं झाल्याचं माझ्या वाचनात नाही. मी हो म्हणालो.

बसाप्पा मिस्त्रींनी सळ्या बसवल्या. आण्णांनी मुहूर्त काढला, तालमीच्या वस्तादांना आणि दूध डेअरीच्या चेअरमनना बोलावलं. नारळ फुटला. फेट्यांचं तबक धरायचं काम माझ्याकडे आलं.

"आण्णा, पावच फेरा हं," मी म्हणालो.

"पाव? मी काय आजारी हाय?" आण्णांनी दोन फेरे मारले.

आण्णांनी दोन मारल्यावर चेअरमन तीनपेक्षा कमी कसे मारणार? चार लोकांत तोंड दाखवायचं होतं त्यांना. मग वस्ताद उठले. त्यांनी पान्याला लांब पाईप जोडून घेतला.

"वस्ताद, आता पुरे."

"सर, तुम्ही पुस्तकं वाचा. आवळायचं आमी बघतो."

भिंत केसभरही हलली नाही. वरून मात्र आण्णांच्या मंडळींचा आवाज आला, "अवं, म्हशींचा हौद चालाय लागला!"

ठोकळा भुसभुशीत मातीतून भिंतीकडे निघाला होता आणि वरचा पाण्याचा हौद त्याच्यासोबत. हौद कलंडला. पाणी भिंतीमागं उतरलं आणि सळीच्या भोकातून चिळकांडी सुटली ती खिडकीतून थेट आमटीत.

"दाब झ्याक हाय की," चेअरमन म्हणाले.

मी हरलो नाही. पुन्हा खणलं, ठोकळे मोठे केले, माती धुम्मसानं ठोकून ठोकून बसवली. पण पाना आला की मान आला! तेव्हा मला आयुष्यातली एकमेव इंजिनियरिंगची कल्पना सुचली.

"मिस्त्री, कडेला एक जादा पाटी बसवा. मागं सळी नको, ठोकळा नको. नुसता आखूड बोल्ट नि नट. त्याला लाल रंग द्या."

"म्हंजे मानाचा," बसाप्पा म्हणाले.

"मानाचा."

दुसऱ्या समारंभात लाल नटावर सगळ्यांनी हौस फेडून घेतली. वस्ताद घामाघूम झाले. खरे नट बसाप्पांनी सकाळीच पाव-पाव फेरा आवळून ठेवले होते. त्या वर्षी गगनबावड्याकडून आलेला पाऊस हटला नाही, आणि भिंतही हटली नाही.

पुढची कामगिरी बसाप्पांनी वाटून दिली. "मधला नट मेन हाय. त्यो सरांनीच आवळायचा. बाकीचं वैनी बघतील."

वर्षानुवर्षं दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, आंघोळ करून, मी मधल्या नटाला पाव फेरा दिला. भिंतीचं पोट आत गेलं. माणसं पोकळ मानाला कशी भुलतात, यावर मी स्टाफरूममध्ये लाल नटाचा दाखला देत असे.

शेवटी भिंतीला रंग द्यायचा म्हणून पाट्या घासायला घेतल्या, तेव्हा मधली पाटी माझ्या हातातच आली. मागं सळी नव्हती, नुसता आखूड बोल्ट.

मी बायकोकडे पाहिलं.

"मानाचे किती बसवू, असं मिस्त्रींनी विचारलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, दोन."

"अगं, पण मी दर महिन्याला आवळत होतो. तो आवळलाही जात होता."

"जाईल नाहीतर काय. तुम्ही कॉलेजला गेलात की मी परत सैल करून ठेवायची."