भिकनची आई

माझ्या थोरल्या वहिनीला, यशोदाबाईला, गावात कोणी नावाने हाक मारत नसे. भिकनची आई, एवढंच. तिलाही तेच आवडे. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. मग कानबाई देवीपुढे पदर पसरून मागून घेतलेला हा मुलगा, म्हणून भिकन.

सोनगीरजवळचं आमचं गाव. भाजीत दाण्याचा कूट, चटणीत कूट, पोरांच्या खिशात भाजलेल्या शेंगा. आणि भिकनला नेमका दाणाच बाधायचा. एकदा चटणी-भाकर खाल्ली आणि ओठ सुजले, छातीत घरघर सुरू झाली. माझ्या आईने दृष्ट काढली आणि दादाने त्याला धुळ्याला नेलं. पोरगा वाचला. डॉक्टर म्हणाले, दाणा देऊ नका. देऊ नका म्हणजे काय काय सांभाळायचं, ते कोणी सांगितलं नाही.

ते सांगितलं रेडिओने. धाकटी वहिनी कमल वरणगावची. रुखवतात तिने रेडिओ आणला होता. दुपारी बायकांच्या कार्यक्रमात एक डॉक्टरीणबाई दर आठवड्याला अशा मुलांच्या आयांना शिकवायच्या. सवय व्हावी म्हणून थोडंथोडं चाखवू नका. भांडी वेगळी ठेवा. ओठ सुजले की घरी वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा. मुलाला विचारून खायला शिकवा. कमल भाकरी थापता थापता ऐके. यशोदावहिनी तेव्हा शेतात निंदायला गेलेली असे.

भिकन शिकला. पण विचारायला लागला काकूला. कोणी हातावर काही ठेवलं की धावत घरात. "काकू, हे चालतं का?" आई शेजारी उभी असली तरी काकूच.

"माय कोन शे त्यानी?" एकदा वहिनी भांडं आपटत म्हणाली.

"अक्का, तुम्हीच. मी फक्त ऐकलेलं सांगते."

"मग मला सांग. त्याला कशाला सांगतेस?"

कमलने तेही करून पाहिलं. ती सांगायला लागली की वहिनी चुलीत फुंकर घालत बसे.

मग कमलने रेडिओला कार्ड टाकलं, प्रसादात दाणे असले तर काय करावं म्हणून. ते वाचलं गेलं त्या दिवशी वहिनी नेमकी घरी होती, ओसरीवर शेजारणीही होत्या. डॉक्टरीणबाईंनी कमलचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखी जागरूक आई प्रत्येक मुलाला मिळो."

शेजारीण हसली. "घ्या, कमलला न बाळंत होता पोरगा झाला."

दुसऱ्या दिवशी रेडिओतले सेल गायब होते. ते कोणी काढले, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी विचारलं नाही.

श्रावणात कानबाई बसली. मी माहेरी आले होते. कानबाईचे रोट, म्हणजे पुरण भरलेल्या जाड पोळ्या, करायला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, त्यात भिकनच्याही नावाचे होते. हे रोट भाऊबंदांनीच खायचे, नको म्हणायचं नाही, उरवायचे नाहीत. मी लग्न होऊन दुसऱ्या घरची झालेली, म्हणून मला ते चालत नाहीत. मी नुसती बसून पाहत होते.

त्या दिवशी वहिनीने कमलला चुलीजवळ येऊच दिलं नाही. "माझ्या पोरासाठी मागितलेली देवी. मी एकटी करीन." सगळं तिने सोवळ्यात केलं, कूट घरात काढलासुद्धा नाही. आरती झाली. पानं वाढली. भिकनने रोटाचा तुकडा मोडला, आणि सवयीने मान वळवली.

"काकू, हे चालतं का?"

वहिनीचा चेहरा उतरला. कमलने रोटाकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, "अक्का, पुरण कुठल्या पाट्यावर वाटलं?"

"उपासाच्या. देवीचं पुरण लसणाच्या पाट्यावर वाटू का?"

आमच्या घरी दोन पाटे. एक रोजच्या लसूण-मिरचीचा, एक उपासाचा, त्याला लसूण कधी लागला नाही. घरात त्याच्याइतकं शुद्ध काही नाही. आणि कालच वहिनीचा शनिवारचा उपास होता. त्याच पाट्यावर तिने दाणे वाटले होते.

कमल भिकनला म्हणाली, "आईला विचार."

भिकनने आईकडे पाहिलं. "आई, चालतं का?"

माझी आई मध्ये पडली. "कानबाईना रोट शे, काय व्हत नही. खाई ले भाऊ."

वहिनीने भिकनच्या हातातला तुकडा काढून घेतला, पानही आपल्याकडे ओढलं.

"नाही चालत. त्याच्या नावाचं मी खाते. देवीला मी सांगेन."

कानबाईकडे बघत तिने लेकाचा सगळा वाटा खाल्ला. डोळ्यांतून पाणी येत होतं. भिकनचे हात तिने स्वतः घासून धुतले. कमल भात घेऊन उठली, तर तिच्या हातातली थाळी घेऊन वहिनीनेच त्याला भरवलं.

कमलवरचा तिचा राग गेला, असं मी म्हणणार नाही. त्यानंतर भिकन काही घेऊन आला की वहिनी पुढे होऊन म्हणे, "थांब, मी सांगते." मग आत जाऊन कमलला दबक्या आवाजात विचारे, आणि बाहेर येऊन आपल्याला ठाऊकच होतं अशा सुरात सांगे. कमल आतच थांबायची.