तळवड्याच्या गोठ्यातला घाट

सौरभचा मेसेज मी दोन पेशंटच्या मधल्या वेळात वाचला. "मॅडम, दत्ताअप्पांचा घाट पुढच्या आठवड्यात काढायलेत. बघायचा असेल तर शनिवारी या. रविवारी सकाळी तळवड्याला जाऊ."

साताऱ्यात माझा दातांचा दवाखाना आहे आणि घराच्या मागच्या खोलीत छोट्या, खेळातल्या आगगाड्यांचा एक लंबगोल मार्ग. पन्नाशी उलटलेली बाई संध्याकाळी रेल्वे चालवते म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग नातवंडांची चौकशी करतात. म्हणून मी हे बाहेर फारसं बोलत नाही. बोलते ते फोनवरच्या छांदिष्टांच्या गटात. सौरभ आणि दत्ताअप्पा मला तिथेच भेटले. अप्पा भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्या रिकाम्या गोठ्यात खंडाळ्याचा घाट उभारला, अगदी चालता. त्याचे व्हिडिओ मी जेवताना बघते. तो घाट जाणार म्हटल्यावर शनिवारच्या सगळ्या दाढा मी पुढच्या आठवड्यावर ढकलल्या.

साताऱ्याहून स्वारगेटला एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे शंभराच्या आसपास काम भागतं. स्वारगेटला मेट्रोत बसलं की पाऊण तासाच्या आत पिंपरी. खिडकीची जागा धरा. दापोडीच्या आसपास खाली खरे रूळ दिसतात आणि आमच्यासारख्यांना तेवढं पुरतं. पिंपरीहून मारुंजीला मात्र रिक्षावाल्याने तीनशे सांगितले. घासाघीस करून अडीचशेवर आणलं.

सौरभ मूळचा लातूरचा, हिंजवडीत नोकरीला, मारुंजीत भाड्याच्या घरात राहतो. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही, म्हणून त्याची सगळी रेल्वे पलंगाखाली. दिवाणाचा खण ओढावा तसा त्याने एक फळा बाहेर ओढला आणि त्यावर लातूर रोड जंक्शन होतं! बोटभर डबे, काडेपेटीएवढं स्टेशन, फलाटावर तांदळाच्या दाण्याएवढी माणसं.

"हे कधी करता?" मी विचारलं.

"घरून काम असतंय तेव्हा मीटिंग चालू असताना. कॅमेरा बंद, हात चालू," तो म्हणाला. "पण मॅडम, हे खेळणं आहे. उद्या बघा तुम्ही. अप्पा वेगळंच माणूस आहे."

नवख्यांसाठी सांगून ठेवते: रूळ, इंजिन आणि दोन-तीन डबे असा सुरुवातीचा संच आठ-दहा हजारांत मिळतो. त्यापुढचा खर्च मी घरी कुणाला सांगितलेला नाही, इथेही सांगणार नाही.

मुक्काम चिंचवडच्या एका साध्या लॉजवर केला. रविवारी सकाळी मिसळ खाऊन सौरभच्या मोटरसायकलवरून तळवडे गाठलं. हा रस्ता रविवारीच धरावा. इतर दिवशी चाकणकडे जाणारे कंटेनर असे रांग लावतात की आपण चालत लवकर पोचू. गावात शिरलं की एका बाजूला कंपन्यांचे पत्र्याचे शेड, दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती आणि मधेच एखादं जुनं घर, दारात म्हैस बांधलेली. अप्पांचं घर तसंच, फक्त म्हैस नव्हती.

"या डॉक्टरीणबाई. सापडलं न्हवं घर?" अप्पा दारातच उभे होते. सडपातळ, पांढरा सदरा, वय सत्तरीच्या पुढे. नमस्काराला जोडलेला त्यांचा उजवा हात थरथरत होता. व्हिडिओत हात कधी दिसले नव्हते.

गोठ्यात पाऊल टाकलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. चारी भिंतींना धरून डोंगर होता. एक रूळ गुडघ्याच्या उंचीवर सुरू होत होता आणि गोठ्याला दोन वेढे घालत, बोगद्यांतून, पुलांवरून छातीपर्यंत चढत होता. खऱ्या घाटात सदतीस फूट गेलं की एक फूट चढ. अप्पांनी इथेही तेवढाच ठेवला होता. कातळ प्लास्टरचे, पण प्रत्येकाचा रंग वेगळा. बोगद्याच्या तोंडावर धुराचा काळा डाग. एका वळणावर रुळाकडेला छत्री घेऊन उभा असलेला गँगमन.

"चाकं?" मी विचारलं.

"लेथवर काढली. पितळ हाय. एक चाक दोनदा फेकलं तवा तिसरं जमलं."

सुमनकाकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. "मला म्हनले होते, गोठा सहा म्हैने द्या. एकोणीस वर्षं झाली. आन मला एकदाबी बसवलं न्हाई गाडीत," त्या म्हणाल्या.

घाट का काढायचा, तेही अप्पांनीच सांगितलं. जागा दोघा भावांची. धाकट्या भावाला, बापूंना, तिथे कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. "त्याचं चूक न्हाई. तीन पोरं हायेत त्याला. त्यांनी पोटाचं बघायचं का माझं रूळ? पर डोंगर भिंतीत बांधलाय. हलवता येत न्हाई, तोडावाच लागतो." आवाजात कडवटपणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

पण एक गोष्ट राहिली होती. सोळा डब्यांची पूर्ण गाडी या घाटातून वर कधी गेलीच नव्हती. खऱ्या घाटात गाडीच्या मागे जादा इंजिनं लावून ती ढकलतात. अप्पांनीही मागे दोन इंजिनं लावली होती, पुढच्या आणि मागच्या इंजिनांना वेग कमी-जास्त करायची वेगवेगळी कळ. एकट्याने दोन्हीकडचा वेग सांभाळायचा म्हणजे मागची जोरात गेली की वळणावर डबे रुळाबाहेर आणि सावकाश गेली की गाडी जागीच. आता हात थरथरायला लागल्यावर तर त्यांनी नादच सोडला होता.

"आज दोघं हाय तुमी," ते म्हणाले. "बघू."

सौरभने पुढची कळ घेतली, मी मागची. अप्पा माझ्या शेजारी उभे राहिले. "डॉक्टरीणबाई, ढकलायचं न्हाई. मागल्या डब्यांचं वजन तेवढं उचलायचं."

गाडी निघाली. पहिला वेढा नीट गेला. दुसऱ्या वेढ्यात, मोठ्या पुलाच्या अलीकडे, मागचं एक इंजिन ठिणगी टाकून बंद पडलं. सोळा डबे हळूहळू मागे घसरायला लागले. सौरभने झेप घेऊन हाताने अडवले.

अप्पांनी इंजिन उघडलं. चाकाकडून मोटरकडे जाणारी केसाएवढी तार तुटली होती. त्यांनी ती जोडायला सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि टोक तारेजवळ नेलं. टोक इकडून तिकडे हलत राहिलं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी आयर्न खाली ठेवलं आणि हात मांडीखाली घेऊन बसले. एकोणीस वर्षांच्या कामाशेजारी तो माणूस असा बसलेला मला बघवेना.

"मी लावू का सोल्डरचा डाग?" मी विचारलं. "रोज लोकांच्या तोंडात याहून अडचणीची कामं करते."

अप्पांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग स्वतःच्या डोळ्यावरचं भिंग काढून माझ्या हातात दिलं. "श्वास रोखू नका. रोखला की हात हलतो."

हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. पहिला डाग सुटला. दुसरा बसला.

आम्ही पुन्हा गाडी लावत होतो तेव्हा दारात सावली पडली. बापू आले होते, मापं घ्यायला ठेकेदाराला घेऊन. ते आत आले नाहीत, चौकटीला हात लावून उभे राहिले.

"सोडा," अप्पा म्हणाले.

पहिला वेढा. पहिला बोगदा. मोठा पूल. माझ्या बोटांना कळीतून गाडीचं वजन जाणवत होतं की तो भास होता, मला माहीत नाही. "वाईच उचला," अप्पा कानाशी पुटपुटले, "आता सोडा... आता उचला." शेवटच्या बोगद्यात गाडी पूर्ण नाहीशी झाली. नुसती चाकांची घरघर. मग पलीकडून इंजिनाचं नाक बाहेर आलं आणि मागोमाग एकेक करत सोळाच्या सोळा डबे. माथ्यावरच्या स्टेशनात गाडी थांबली तेव्हा सौरभ चक्क ओरडला. काकूंनी पदर तोंडाला लावला. अप्पा गाडीकडे न बघता मागच्या इंजिनांकडे बघत होते.

"दादा, ह्ये समदं तू हातानं केलं?" बापूंनी दारातूनच विचारलं.

"व्हय. तू आलाच न्हाईस कधी बघायला."

बापूंनी चौकटीवरचा हात काढला. मग ठेकेदाराला म्हणाले, "आज राहू दे. पुढच्या महिन्यात बघू. पयलं माझ्या नातवंडांना दावायचंय." आणि चपला काढून आत आले.

दुपारी बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि ठेचा. जेवून पुन्हा चार वेळा गाडी वर नेली. एकदा मागची कळ बापूंनी घेतली आणि तीन डबे दरीत पाडले. अप्पा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

परतीची एसटी संध्याकाळची होती. बसमध्ये मला राहून राहून वाटत होतं की आपण घाट वाचवला नाही, महिनाभर लांबवला फक्त. तो जाणार आहे. सौरभ दोन बोगदे कापून नेणार आहे, डबे आणि इंजिनं काकूंच्या कपाटात जातील. तिथे जावं का, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, आत्ताच जा, आधी फोन करा, आणि हातात काही न्यायचंच असेल तर पेढे नकोत, बारीक तारेचं रीळ न्या.

गुरुवारी सकाळी दवाखान्याला निघताना अप्पांचा फोन आला.

"डॉक्टरीणबाई, तुमची ती मागली खोली किती बाय किती?"

"दहा बाय अकरा. का हो?"

पलीकडे कागदावर पेन्सिल ओढल्याचा आवाज आला. "मग घाटाचा दीड वेढा बसतोय. आमी सांगतो, तुमी करा. पयलं भिंतीवर पाण्याच्या नळीनं लेव्हल मारून घ्या."

"आत्ता?"

"मग कवा?"

मी पर्स खाली ठेवली आणि कपाट भिंतीपासून सरकवायला लागले. त्या दिवशी दवाखाना अर्धा तास उशिरा उघडला.