कागदावर नसलेला गुडघा

पलटणीत त्याला खिळा म्हणत. एकदा रुतला की निघायचं नाव नाही, म्हणून. विमानातून उड्या मारणाऱ्या कमांडो तुकडीसाठी दोनशे जण आले होते. त्यातले एकशे नव्वद चार महिन्यांत हात टेकून परत गेले. हा उरला, आणि पुढे एकोणीस वर्षं उरलाच.

आज त्याला जिना चढायला कठडा लागत होता. अपंगत्व तपासणारं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर थाटणाऱ्याच्या अकलेला तर तोडच नाही! गुडघ्याची इजा नोकरीतली आहे, एवढा शिक्का त्याला हवा होता. शिक्का मिळाला तर लष्करी रुग्णालयात शस्त्रक्रिया, नाहीतर जन्मभर काठी.

"एकोणीस वर्षांत गुडघ्याची एकही तक्रार नाही?" फाइल उलटीपालटी करत अधिकाऱ्याने विचारलं.

कशी असेल? त्या तुकडीत दुखणं कागदावर आलं की माणूस उडीतून बाद. मग साध्या पलटणीत रवानगी. त्यामुळे झाडून सगळे दुखणं लपवत. नोकरीच्या सातव्या वर्षी एका उडीत हा खडकावर उतरला आणि गुडघा कटकन वाजला. तशा पायाने जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन तो अकरा किलोमीटर चालला. तो सोबती आज दोन मुलींचा बाप आहे. तुकडीच्या डॉक्टरने पट्टी बांधता बांधता विचारलं, "पाय कसे आहेत?" हा म्हणाला, "जोडीने आहेत, साहेब." डॉक्टर हसला आणि त्याने पेन खिशात ठेवलं.

"मग तुकडीच्या डॉक्टरने नोंद टाळली असं लिहून द्या," अधिकारी म्हणाला. "त्यांची चौकशी होईल, तुमचं काम होईल."

"मी लपवलं. तेच लिहा."

"पण का?"

"तुकडीतून काढलं असतं म्हणून. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लपवीन."

अधिकाऱ्याने शिक्का न मारताच फाइल मिटली.

तो बाहेर आला. दाराबाहेरच्या बाकावर बसून बायकोने सगळं ऐकलं होतं. मुलगी झाली त्या दिवशी नवरा कुठे होता, हे तिला आजही माहीत नाही. तिने कधी विचारलं नव्हतं. आज मात्र तिचा पारा चढला.

"त्यांच्यापुढे छाती काढलीत! दर रजेत हा गुडघा कोणी शेकला? गावातल्या डॉक्टरकडे ओढत कोणी नेलं?" तिने पर्समधून त्या डॉक्टरच्या जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. प्रत्येकीवर तारीख होती.

त्याने वरची चिठ्ठी उचलली. "हे तू जपून ठेवलंस?"

"लपवायचं तुम्हाला होतं. मला नव्हतं."

"चल, घरी जाऊ. हरलो आपण."

"तुम्ही हरला असाल," ती उठत म्हणाली. "मी अजून आत गेलेच नाही."