बाणवाला थर्स्टन आणि टॉवटनचा वारा

इंग्लंडच्या गादीसाठी टॉवटनला झालेल्या लढाईत यॉर्कवाले का जिंकले, यावरून आमच्या गुत्त्यात अजूनही हमरीतुमरी होते. कुणी म्हणतं देवाने कौल दिला, कुणी म्हणतं त्यांचा राजा तरणाबांड होता. मला विचाराल तर वारा. मी तिथे होतो, आणि सांगून सांगून आता कंटाळलोय.

आम्ही लँकेस्टरच्या राजाचे तिरंदाज. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी टॉवटनला बर्फ थेट डोळ्यांत येत होता. पलीकडून बाण आले, म्हणून आम्हीही अंदाजाने सोडत राहिलो. प्रत्येकाचे चोवीसच्या चोवीस. समोरच्या वाऱ्याने सगळे चाळीस पावलं अलीकडे पडले, आणि आम्हाला दिसलंच नाही. यॉर्कवाल्यांनी पुढे येऊन आमचे बाण उपटले आणि आमच्यावरच सोडले. आमचे भाते रिकामे. उभ्या उभ्या मरण्यापेक्षा आम्ही टेकडी सोडून त्यांच्या अंगावर धावलो, आणि तिथे आमचं कंबरडं मोडलं.

माझ्या शेजारचा हॅमो धावायच्या आधीच पडला होता. आमच्या गावात बाण बनवणाऱ्या थर्स्टनचा तो जावई. थर्स्टन बोलायला खवट, कामाला चोख. हॅमोच्या गळ्यातला बाण मी उपटून घरी आणला. कुणी बनवलाय, ते थर्स्टनच सांगू शकला असता.

त्याने पिसांवरचा दोरा पाहिला. उलटा गुंडाळलेला होता. त्या हिवाळ्यात म्हाताऱ्याची बोटं आखडली होती, त्यामुळे गावच्या सगळ्या बाणांचे दोरे त्याच्या लेकीने, हॅमोच्या बायकोने, एमटने बांधले होते. एमट डावखुरी.

"बोललास तर जीभ हासडीन," असं मला म्हणून त्याने बाण चुलीत घातला.

जळक्या पिसांचा वास सुटला तशी एमट आत आली. "बाबा, कुणाचा होता?"

"त्यांचा. दुसऱ्या कुणाचा असणार?"

तिने मान हलवली आणि कामाला बसली. पुढची अकरा वर्षं ती दोरे बांधत राहिली. टॉवटनचा विषय निघाला की थर्स्टन गुत्त्यातून उठून जायचा. इतका थकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्याची दया यायची, रागही यायचा.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासांत त्याने अंथरूण धरलं. मला बसवून घेतलं आणि लेकीला हाक मारली. "एमट, तो बाण…"

"गप पडा, बाबा. माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं? याने?"

"हा कसला सांगतोय, भित्रा! मोडक्या बाणाचंसुद्धा तुम्ही टोक काढून ठेवता, पिसं काढून ठेवता. आणि त्या दिवशी अख्खा बाण चुलीत घातलात. तेव्हाच कळलं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, पोरी?"

"तुम्हाला आधीच झोप लागत नव्हती. त्यात काय सांगायचं होतं, मलाही लागत नाही म्हणून?"