शनी बोटातून निघेना

परवा देवपुरात सराफाने अंगठी पुढे केली आणि मी हात मागे घेतला. धुळ्याच्या दवाखान्यातलं ते साबणाचं बेसिन आठवलं.

मुलगा दिवस भरायच्या आधी जन्मलेला, बायको ऑपरेशननंतर तापाने पडलेली, काचेची एकही पेटी रिकामी नाही. बाळाचं अंग गार पडत होतं, म्हणून मी त्याला उघड्या छातीशी धरायचं ठरलं. शेजारचं बाळ सकाळीच जंतुसंसर्गाने गेलं होतं. आणि हे महाशय, म्हणजे मीच, बाळाच्या रक्षणासाठी बोटांत ग्रहांच्या चार अंगठ्या घालून हजर!

"भाऊ, आधी अंगठ्या काढा. त्यांच्याखाली जंतू बसतात," सिस्टर म्हणाली.

तीन निघाल्या, शनीची निघेना. साबण लावला, ओढली, बोट सुजलं. काचेपलीकडे बाळाचे हातपाय निळसर दिसत होते. "शनिमहाराज, सोडा हो!" मी रडकुंडीला आलो. शेवटी सिस्टरनेच बोटाला दोरा गुंडाळून ती उतरवली आणि पुन्हा हात धुवायला लावले.

छातीवर ठेवलेलं बाळ हलेना. तेवढ्यात पोटावरून काहीतरी गरम ओघळलं.

"सिस्टर, रक्त!"

तिने वाकून पाहिलं आणि ती हसत अहिराणीत म्हणाली, "रक्त कसानं भाऊ, मुतना तो तुमना आंगवर! सकायपाईन आम्ही बठ्ठा हाईच वाट देखी ऱ्हायनूत."

जन्मल्यापासून बाळाला लघवीच झाली नव्हती; सकाळपासून सगळे त्याचीच वाट बघत होते. ती फडकं घेऊन आली. हात धुऊन धुऊन दमलेला मी, ते मात्र पुसू देईना.